डाव्या खांद्यावरचा वळ

अमेरिकेत कोलंबसजवळच्या आमच्या उपनगरातली ती शनिवारची दुपार इतक्या वर्षांनंतरही मनातून जात नाही. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या कार्यक्रमाची तालीम एका शाळेच्या हॉलमध्ये चालू होती. तिथून दोन गल्ल्या सोडून एक गाडी फूटपाथवर चढली आणि झाडावर आदळली.

मी तेव्हा तिथल्या पोलीस ठाण्यात सार्जंट होतो. तालुक्याच्या शाळेत शिकलेला, घरातला पहिला पदवीधर. या देशाने मला नागरिक करून घेतले, अंगावर वर्दी चढवली, याची जाण ठेवूनच मी ड्यूटीवर जात असे.

घटनास्थळी मंडळातलेच एक गृहस्थ उभे होते. मूळचे नागपूरचे, आयटीत नोकरी. सोबत त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा आणि मंडळातलीच तीन मुले. त्यांतल्या चौदा वर्षांच्या मुलीचे कोपर मोडले होते. गृहस्थ म्हणाले, गाडी मी चालवत होतो, मुलगा शेजारी बसला होता, बाकीची मागे. मुलांनी माना डोलावल्या. खोटा जबाब देणे हा गुन्हा आहे, हे मी नेहमीप्रमाणे बजावले. त्यांनी जबाबावर सही केली आणि हळूच म्हणाले, "तुम्ही असल्यावर काय चिंता साहेब. आपलाच माणूस."

ॲम्ब्युलन्स मुलांना घेऊन गेली. तेवढ्यात ठाण्यातून वायरलेसवर निरोप आला. त्या रस्त्यावर लॉन कापणाऱ्या एका बाईंनी फोन केला होता. चालकाच्या दारातून मुलगा उतरला आणि वडील नंतर शाळेकडून पळत आले, असे त्यांचे म्हणणे. नाव मात्र सांगितले नाही. निनावी फोनवर केस उभी राहत नाही, पण डोक्यात किडा वळवळू लागतो.

विहिरीत पोहायला शिकवताना पोराच्या पाठीला डबा बांधतात आणि अंगात दम आला की तो सोडतात. इथला लायसन्सचा कायदा तसाच आहे. साडेपंधराव्या वर्षी शिकाऊ परमिट, मग वर्ग, मग आईवडिलांना शेजारी बसवून पन्नास तास सराव. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळते तेही अटींचे. रात्री उशिरा गाडी काढायची नाही आणि मोठे माणूस सोबत नसेल तर घराबाहेरचा एकच प्रवासी घ्यायचा. मुलगाच चालवत असेल तर त्याच्या गाडीत असे तिघे होते.

मी हॉस्पिटलात गेलो. मुलगा मान आखडून बसला होता. टी-शर्टच्या गळ्यातून सीटबेल्टचा लाल वळ दिसत होता, डाव्या खांद्यावरून छातीकडे उतरलेला. इथे चालक डावीकडे बसतो, त्यामुळे त्याचा पट्टा डाव्या खांद्यावरून येतो. शेजारच्याचा उजव्या. वडिलांच्या इस्त्रीच्या शर्टाला चुणीसुद्धा नव्हती. मी वळाकडे बघतो आहे हे मुलाच्या लक्षात आले. त्याने कॉलर वर ओढली. मागची मुले कोण, असे विचारले तर म्हणाला, "कझिन्स." वडिलांनी जोड दिली, "आपल्यात सगळी भावंडंच की हो."

आईच्या परवानगीने मी मुलीशी बोललो. गाडी कोणी चालवली? आईकडे बघत ती म्हणाली, "काकांनी." मी रेटले नाही. उलटतपासणीपेक्षा साधा प्रश्न बरा, हा माझा अनुभव. एवढेच विचारले, "आदळल्यावर काका पहिलं काय बोलले?"

प्लास्टरकडे बघत ती म्हणाली, "ही सेड, सगळ्यांनी सांगायचं, मी चालवत होतो." आणि रडू लागली. "सॉरी आई, आय कान्ट."

आईने तिला जवळ घेतले नाही.

ठाण्यात गृहस्थांनी फार ताणले नाही, मुलगाच चालवत होता हे कबूल केले. पोराच्या हातून काही झाले तर ग्रीन कार्डची फाइल अडकेल, त्याचे कॉलेज जाईल, असे हॉलमध्ये चहा पिता पिता सगळ्यांनी मिळून आधीच कधीतरी ठरवून टाकले होते. मी सांगितले, मुलाचे प्रकरण बालन्यायालयात गेले असते, लायसन्स काही महिने अडकले असते, तेवढेच. पोलिसाला खोटा जबाब देणे हा मात्र प्रौढाचा गुन्हा. ज्या फाइलला ते जपत होते, तिलाच आता तो बाधणार होता.

"आता मागं नाही का घेता येत?" ते म्हणाले. "आपल्यातल्या आपल्यात?"

मी नाही म्हणालो.

मुलगा लायसन्स जमा करायला आला तेव्हा काउंटरवर ठेवून पुटपुटला, "काका, आय वॉन्टेड टू टेल यू. बाबा म्हणाले, तू गप्प बस." बाबा दारात उभे होते. त्यांनी ऐकले आणि मान फिरवली.

पोराला गाडी शिकवण्यासाठी कायद्याने आईबापांना शेजारच्या सीटवर बसवले. त्या सीटवरून पोर आणखी काय काय शिकते, ते कोणी तपासत नाही. लायसन्स मुलाला परत मिळाले, कॉलेजही मिळाले. वडील कोर्टकचेऱ्यांत खचले आणि वर्षभरात ते कुटुंब गाव सोडून गेले. मंडळाच्या लेखी याला दोघे जबाबदार होते, मी आणि ती मुलगी.

त्या वर्षीच्या गणपतीच्या कार्यक्रमात तिचे नाव नव्हते. हात प्लास्टरमध्ये होता हे खरे, पण तिच्याकडे निवेदन होते, आणि त्याला हात लागत नाही. ती शेवटच्या रांगेत माझ्या आणि पत्नीच्या शेजारी येऊन बसली. पुढच्या दोन रांगा रिकाम्या होत्या. मध्येच तिने विचारले, "काका, मी चुकले का?"

"नाही," मी म्हणालो.

तिने मान हलवली, पण तिची नजर पुढे आईवर होती. आईने मागे वळून पाहिले नाही.