देवाच्या वाट्याची ओळ

कपडे शिवणं हा त्याचा धंदा आणि देवाच्या वतीनं बोलणं हा त्याचा शौक, असं त्याची बायको चारचौघांत म्हणायची, आणि तो पठ्ठ्या ते कौतुकच समजायचा. प्रार्थनाघरात प्राचीन हिब्रू स्तोत्रं वाचायचं काम त्याच्याकडे होतं. आधी मूळ ओळ, मग तिचा सगळ्यांना कळेल असा अर्थ. आवाज खणखणीत, आत्मविश्वास त्याहून खणखणीत. गल्लीनं त्याचं नाव 'आकाशवाणी' ठेवलं होतं.

कुणी गेलं की एक जुनं विलापगीत वाचायची रीत होती. त्यातल्या दुःखी माणसाच्या ओळी तो घरच्यांशेजारी बाकावर बसून साध्या आवाजात वाचायचा. शेवटची ओळ आली की मात्र उठायचा, मंचावर चढायचा आणि छाती भरून म्हणायचा, "मी इथेच आहे." देवानं उत्तर दिलं या समाधानात लोक डोळे पुसायचे.

गोम अशी, की ती ओळ कोण म्हणतं हे मूळ गीतात लिहिलेलंच नाही. कॉलेजात हिब्रू शिकणाऱ्या त्याच्या मुलीनं हे त्याला कितीदा तरी ऐकवलं होतं. कदाचित तो दुःखी माणूसच देवाला सांगत असेल, की तू ये न ये, मी काही हललेलो नाही. त्यावर बापाचं उत्तर ठरलेलं: रडणाऱ्याला चर्चा नको, आधार हवा. अगदीच चूक नव्हतं त्याचं.

मग त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा गेला. नवरा-बायको मिळून बेकरी चालवायचे. ती भावाच्या शिवणाच्या दुकानात आली, बस म्हटलं तरी बसली नाही.

"दादा, उद्या ती ओळ मंचावरून वाचू नकोस. हॉस्पिटलात मी एकटी होते. कुणीही नव्हतं तिथं. तू वरून तसं म्हणालास, तर मी उठून जाईन, आणि परत त्या दारात पाय ठेवणार नाही."

तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्याला आधी राग आला. बहिणीसाठी देवाला गप्प बसवायचं? पण बहीण गमवायची कल्पनाही सोसेना. तो पुढ्यातला कोट घेऊन बसला. पुढेमागे सैल करता यावा म्हणून त्यानं शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवलं होतं. ती ओळ कुणाची हे न सांगून कवीनंही तसंच जास्तीचं कापड ठेवलं असणार, जाणूनबुजून, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं. आपण मात्र दरवेळी ते कातरून टाकत आलो.

"म्हणजे देव त्या गीतात बोलतच नाही?" त्यानं मुलीला विचारलं.

"असं कुठं म्हटलं मी? दोघांपैकी कुणीही बोलू शकतं. तुम्ही एकाला बोलूच देत नाही, बाबा."

दुसऱ्या दिवशी तो बहिणीशेजारी बसून वाचत गेला. शेवटची ओळ आली. सगळ्यांच्या नजरा मंचाकडे वळल्या. तो उठला नाही. पण बाकावरून वाचली, तर ती माणसाचीच ठरणार, आणि तसं ठरवणारे आपण कोण? जन्मात पहिल्यांदा आकाशवाणी बंद पडली.

बहिणीनं त्याच्याकडे पाहिलं, मग रिकाम्या मंचाकडे. आणि न आलेल्या माणसाला ठणकावून सांगावं तशी ती म्हणाली, "मी इथेच आहे."

मग मागच्या बाकावरून तिच्या बेकरीतला म्हातारा भट्टीवाला बोलला, "मी इथेच आहे." त्याच्या शेजारची बाई बोलली. मग एकेक करत सगळं सभागृह तेच म्हणू लागलं, कुणी मोठ्यानं, कुणी पुटपुटत. यात देव कुठे बोलला आणि माणसं कुठे, हे सांगायची त्याची छाती नव्हती. बहीण हमसून रडत होती, पण जागची उठली नव्हती. भावानं तिचा हात हातात घेतला आणि सगळ्यांच्या शेवटी, घरात बोलायच्या आवाजात, तेच म्हटलं.