पोर्टच्या तळघरातली पिकदाणी

चूळ भरण्याचा आवाज मला सहन होत नाही. लग्नात पंगत उठली, मंडळी मोरीपाशी उभी राहून गुळगुळ करू लागली, की मी तिथून काढता पाय घेतो. बायको म्हणते, "एवढं कसलं मेलं सोवळं?" सोवळं कसलं डोंबलाचं! किळस येते मला. आणि ते कशामुळं, हे मी आजवर तिलाही धड सांगितलेलं नाही.

दारूला परमिट लागायचं त्या काळातली गोष्ट. तळेगावजवळच्या एका कारखान्यात मी टेंपररी कारकून होतो. आम्ही टेंपररी दोघं होतो आणि दोघांतल्या एकालाच कायम करणार होते. दुसरा मोठ्या साहेबांच्या ओळखीतला. माझी ओळख काय, तर माझं आडनाव. ते असं होतं की त्यावरून माणसाची जात कळायची नाही, आणि ती कळू नये म्हणून मी जिवाचा आटापिटा करायचो. डबा एकटा खायचो. कुणी गाव विचारलं तर मळवलीकडचं एवढंच सांगायचो आणि लगेच बोलणं भाताच्या पिकावर नेऊन सोडायचो. कळलं तर कायम होणं गेलंच, अशी माझी पक्की खात्री होती.

आई मळवलीजवळ आमच्या वस्तीत एकटी राहायची. छप्पन साली आमच्या लोकांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा तिनं चारचौघांत सांगितलं होतं, "आजपासनं मेलेलं ढोर वढायचं न्हाई. उष्टं आनायचं न्हाई. कुनाची घान उचलायची न्हाई." दारू तर पंचशीलातच बसत नव्हती. वडिलांनी त्या दिवशी सोडली ती मरेपर्यंत तिला शिवले नाहीत. मीही तिचा थेंब कधी तोंडात घेतला नव्हता.

धाकटी बहीण पुण्याला नर्सिंग शिकत होती. तिचं सगळं आई बघायची. लोणावळ्याला एका बंगल्यावर बागकामाला जाते, असं तिनं मला सांगितलं होतं. कुठला बंगला, काय काम, हे मी कधी विचारलं नाही. मला टेरिलीनचे शर्ट शिवायचे होते ना! महिन्यातून एकदा घरी जायचो, भाकरी खायचो आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायचो.

त्या वर्षी कारखान्यात मशीन बसवायला दोन जर्मन इंजिनीअर आले. एकदा जेवताना त्यांनी पोर्तुगालचं काहीतरी काढलं. तिथं पोर्ट वाइनची तळघरं असतात, माणसं ती बघायला जातात, पिंपापिंपातली चव घेत हिंडतात, असं. आमच्या साहेबांना ते लागलं. "आमच्याकडेही आहेत की!" साहेब बोलून बसले. दुसऱ्या दिवशी मला केबिनमध्ये बोलावलं.

"तू तिकडचाच ना? लोणावळ्याच्या बाजूला कोणकोण घरगुती पोर्ट करतात म्हणे. दोन-तीन जागा बघ आणि त्यातली चांगली निवड. पाहुण्यांपुढं माझं नाक कापलं जाता कामा नये. हे नीट जमलं तर तुझं काम मी बघतो."

आता आली का पंचाईत! दारूला न शिवणारा मी, आणि दारूचं तळघर निवडायचं मी. पण नाही म्हणायची ताकद माझ्यात नव्हती. ड्रायव्हरला सांगितलं की माझं पोट बिघडलंय, चव तेवढी तू घे. तो एका पायावर तयार.

पहिली जागा सोमाटण्याला, एका कंत्राटदाराच्या मळ्यात. तळघर कसलं, म्हशींच्या गोठ्यामागची पडवी. एकीकडं शेण, एकीकडं पिंपं. त्यानं झाकण काढलं तर वर माश्यांचा साय धरल्यासारखा थर! त्या बाबानं बोटानं माश्या बाजूला सारल्या, खांद्यावरच्या पंच्यानं पेला पुसला, त्याच पंच्यानं तोंडावरचा घाम पुसला आणि पेला बुडवून ड्रायव्हरपुढं धरला. ड्रायव्हर प्यायला! वर म्हणतो, "लय गोडमिट्ट. खोकल्याच्या औषधावानी." मी गोठ्याबाहेर येऊन उभा राहिलो.

दुसरी जागा खंडाळ्याला एका जुन्या हॉटेलाखाली. तिथं पायऱ्या होत्या, कमान होती, तळघर म्हणावं असं सगळं होतं. पण चौथ्या पायरीवरच वास आला. कुठंतरी घूस मरून पडली होती. मॅनेजर म्हणतो, "जुन्या वाइनला असा वास येतोच, साहेब." अरे, मेलेल्या जनावराचा वास मला शिकवतोस? आमच्या आधीच्या पिढ्यांनी दुसरं केलं काय! हे अर्थात मी मनात म्हटलं. तोंडानं म्हटलं, "हो का?"

तिसरी जागा लोणावळ्याला. बंगल्याचा म्हातारा मालक जन्मभर बोटीवर होता, पोर्टची विद्या तो पोर्तुगालच्या बंदरात शिकलेला. त्याचं तळघर बघून मला बरं वाटलं. फरशी ओल्या फडक्यानं पुसलेली. पेले पांढऱ्या कापडावर पालथे. पिंपांवर धुळीचा कण नाही. आणि मध्ये तिवईवर एक मोठी पितळी पिकदाणी. चिंचेनं आणि राखेनं घासून अशी लखलखीत केलेली की वाकलो तर माझं तोंड दिसलं.

"इथं पान खातात?" मी विचारलं.

मालक हसला. "छे हो. चव घेणारा माणूस गिळत नाही. वाइन तोंडात घोळवायची, चव बघायची आणि थुंकायची. सहा पिंपांतली गिळली तर वर कोण चढणार?"

"मग हे उचलतं कोण?"

"एक बाई आहे. हात फार स्वच्छ आहे तिचा. आज बाजारात गेलीय."

मला शिसारी आली. चांगली वस्तू तोंडात घ्यायची, लाळेत कालवायची आणि थुंकायची, आणि ते दुसऱ्यानं उचलायचं! ही कसली आलीय संस्कृती? माझे आजोबा सांगायचे, पूर्वी आपल्या माणसांच्या गळ्यात मडकं असायचं, आपली थुंकी रस्त्यावर पडू नये म्हणून. ते मला तिथं आठवलं. तरी परत येऊन साहेबांना तीन जागांचा कागद लिहून दिला. लोणावळ्यापुढं लिहिलं, 'स्वच्छता उत्तम.' खाली रेघसुद्धा मारली.

रविवारी सकाळी दोन गाड्यांतून आम्ही गेलो. दोन जर्मन, आमचे साहेब, आणखी चार अधिकारी आणि मी. मालकानं कोट घातला होता. द्राक्षं आंबत असतानाच मध्ये ब्रँडी ओतायची, मग आंबणं थांबतं आणि गोडवा तसाच राहतो, असं तो पिंपावर टिचक्या मारत सांगत होता. जर्मन माना डोलवत होते. साहेबांनी माझ्याकडं बघून भुवई उडवली. म्हणजे निवड पसंत. मी तर हवेतच होतो.

पहिला पेला फिरला. मालकानं टाळी वाजवली. "बाई, या!"

मागच्या दारातून पिकदाणी दोन्ही हातांत धरून माझी आई आत आली.

धुतलेलं नऊवारी, डोक्यावर पदर. तिनं मला पाहिलं. एक पाऊल थबकली, तेवढंच. मग खाली मान घालून पहिल्या जर्मनापुढं जाऊन उभी राहिली. त्यानं तोंडातली वाइन सफाईनं थुंकली आणि मान लववून तिचे आभार मानले. ते त्यातल्या त्यात बरं. पण आमची मंडळी! त्यांना कुठं येतंय थुंकायला? एकाच्या मिशीवरून लाल लाळ ओघळली, तिची तार तुटेना. दुसरा आधी खाकरला, मग थुंकला. तिसऱ्याच्या तोंडातून हसता हसता फुर्रकन उडालं, ते तिच्या मनगटावर. "अरे, नेम चुकला!" म्हणून सगळे फिदीफिदी हसले. लाज नाही, शरम नाही. साहेब म्हणाले, "बाई, जरा वर धरा." तिनं ती जड पिकदाणी त्यांच्या हनुवटीपर्यंत उचलून धरली. मी भिंतीला टेकून उभा होतो.

"अरे, तू का मागं?" साहेब मला म्हणाले. "जागा तू निवडलीस आणि चव घेत नाहीस? घे घे!" पेला माझ्या हातात दिला. सगळे बघायला लागले. मी पोट म्हटलं, पित्त म्हटलं. "काय बायकांसारखं करतोस, एक घोट घे," कुणीतरी म्हणालं. मी घोट घेतला.

गोड, दाट, जिभेला चिकटणारी. गाल फुगवून मी उभा राहिलो. गिळावी तर आईसमोर शील मोडतं. थुंकावी तर कुठं? आई माझ्यापुढं येऊन उभी होती. पिकदाणीत सगळ्यांचं मिळून लाल फेसाळ पाणी हिंदकळत होतं आणि त्याचा आंबूस वास थेट नाकात शिरत होता. ती अगदी हळू बोलली. "थुका, साहेब. गिळू नगा."

मी थुंकलो.

ती पुढच्या माणसाकडं गेली. उरलेली पाच पिंपं व्हायची होती. पाचही वेळा ती आली आणि पाचही वेळा मी थुंकलो. शी! त्या सगळ्यांच्या थुंकीची मला आली नसेल एवढी किळस मला माझ्या तोंडाची आली. मला त्याच वेळी म्हणता आलं असतं, ही माझी आई आहे. चार शब्द. तोंडात वाइन होती ही सबब दर वेळी मिळत गेली.

पुढच्या आठवड्यात मी कायम झालो. त्यानंतरच्या रविवारी घरी गेलो. वाटेत बोलायचं ठरवलेलं सगळं उंबऱ्यातच विसरलो. आईनं भाकरी वाढली, वांग्याचं कोरड्यास वाढलं आणि पुढ्यात बसली.

"झालास का कायम?"

"व्हय."

"झ्याक झालं. म्या वळख दिली न्हाई म्हनून राग न्हाई ना धरलास? तुझ्या सायबाफुडं कशाला, म्हनलं."

मी हातातला घास ताटात ठेवला. "आये, तू मला सांगितलं का न्हाईस? ते काम सोड तू. पोरीचं मी बघतो."

"सोडते की. तिची परीक्षा झाली की सोडते." मग म्हणाली, "मालक मला काय म्हनला ठावं हाय का? म्हनला, बाई, तीन जागा बगून गेलता त्यो बाबू. तुमची पिकदानी बगूनच त्यानं आपला बंगला धरला. त्यो बाबू तूच व्हय?"

"व्हय."

"मला काय म्हाईत? म्या आपली रोजच्यावानी घासली व्हती." ती उठली.

जेवण झालं. तिनं चूळ भरायला तांब्या माझ्या हातात दिला आणि मोरीपाशी उभी राहिली. मी पाणी तोंडात घेतलं. तिच्यासमोर मला थुंकता येईना. मग ते पाणी मी गिळलं.