पंपाची तार

विजयमालाची गाडी तिच्या वडिलांची, परदेशी बनावटीची, तिच्याच वयाची. लष्कराच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यावर नाथाजींनी साताऱ्यात मोटारींच्या वायरिंगचं दुकान टाकलं, आणि भंगारात निघालेली ही गाडी मुलगा-मुलगी दोघांना हाताशी धरून उभी केली. जाताना त्यांनी दुकान मुलाला, वीरधवलला दिलं आणि गाडी विजयमालाला.

पलूसला सासरी ती गल्लीतल्या बायकांना सांगलीच्या दवाखान्यात न्यायची. पण त्र्याण्णव सालापासून गाडीनं दगा द्यायला सुरुवात केली. सुरू व्हायची, मैलभर जायची आणि आचके देत थांबायची. निरोप गेला की तिचे मालक हंबीरराव मोटारसायकलवर यायचे. सीटवर बसून चप्पल नीट केल्यासारखे वाकायचे, चावी फिरवायचे, आणि थोड्या वेळात गाडी चालू!

"तुज्या हाताला गाडी लागत न्हाई," ते म्हणायचे.

तिनं गाडी भावाकडं नेली. एकदा नव्हे, चार-पाच वेळा. वीरधवलनं सगळं उघडून बघितलं. "वायरिंग ठणठणीत हाय ताई. तूच चोक जास्त वडतीस." वडिलांच्या पश्चात वायरिंगमधलं त्यालाच कळतं, असं ती मानायची. दवाखान्याला निघालेल्या बायका मग एस्टीनं जाऊ लागल्या. ती प्रत्येकीची माफी मागायची.

त्या सकाळी तासगाव रस्त्याला गाडी थांबली तेव्हा आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. तिनं पुन्हा चावी फिरवली आणि पहिल्यांदाच तिच्या ध्यानात आलं, मागून पेट्रोलच्या पंपाची टकटक येत नाही.

तिनं डिकीतून वडिलांचा टेस्टलँप काढला, दोन वायरी जोडलेला साधा बल्ब. पंपाला वीज सोडणारा रिले कटकन वाजत होता, त्याच्या तोंडाशी बल्ब पेटला. मागं पंपाशी लावला तर पेटेना. म्हणजे मधेच कुठंतरी तार तुटलेली. तिनं गालिचा उचलला आणि तार धरत सीटखाली आली. तिथं एक छोटा स्विच बसवलेला होता. तो दाबताच मागं टकटक सुरू झाली. कार्ब्युरेटरच्या वाटीत उरलेल्या पेट्रोलवरच गाडी रोज मैलभर जात होती.

हंबीररावांचं वाकणं तिला कळलं. रागही आला. पण तिची नजर स्विचच्या तारेच्या जोडावरून हलेना. कथलाचा डाग देऊन, कापडी टेप गुंडाळून, वर मेणाच्या दोऱ्याची दुहेरी गाठ. ही गाठ वडिलांनी दोघा भावंडांनाच शिकवली होती. तिनं तर ती मारली नव्हती.

तिथंच गाडी वळवून ती कराडमार्गे थेट साताऱ्याला गेली. वीरधवल दुकानातच होता. तिला बघून हसला, मग सीटखालून लोंबणारी तार बघून त्यानं नजर वळवली.

"कुणी बसवला?"

"ताई, दाजींना पारावर लोक डिवचायचे. 'ड्रायव्हर लय भारी ठेवलायसा' म्हणायचे. त्यांनी लयच गळ घातली. आन् तुजी काळजीपन..."

"ते मला बोलले असते, मी त्येंच्याशी भांडले असते. पन तुज्याकडं मी गाडी दुरुस्तीला आनत हुते रं!"

तो पक्कड घेऊन पुढं आला. "दे, काढून टाकतो."

"हात लावू नगंस."

तिनं स्वतः स्विच उपटला, तार सरळ जोडली, टेप गुंडाळला. दोरा घातला नाही.

नवऱ्याशी तिचं कडाक्याचं भांडण झालं, महिनाभर अबोला झाला, आणि पुढं तो सुटलाही. गाडी रोज सांगलीला जाऊ लागली. हंबीरराव कधीमधी शेजारी बसायचे, गप्प. भाऊबीजेला मात्र ती साताऱ्याला गेली नाही. तेव्हा वीरधवलच पलूसला आला. तिनं पाट मांडला, ओवाळलं, जेवायला वाढलं. निघताना तो अंगणात घुटमळला.

"ताई, गाडी बरी चालती न्हवं?"

"व्हय," ती म्हणाली आणि ताट उचलायला आत गेली.