माझ्या यंत्राची चौकशी

माजलगावकडच्या साखर कारखान्यात संगणकाच्या खोलीत आम्ही दोघं होतो. मित्र वारला आणि खोली एकट्या माझ्याकडे आली. वजनकाट्यापासून कचेरीपर्यंत कुठलं यंत्र, म्हणजे कुठला संगणक, चालू आहे ते सांगणारा प्रोग्रॅम त्यानंच बसवला होता. चालू यंत्रापुढे 'हाय' उमटायचं, बंद यंत्रापुढे 'न्हाई'.

तो गेल्यावर हा प्रोग्रॅम चालवणारा संगणक रोज अडकू लागला. मेमरी काठोकाठ भरायची. त्याच्या हातचं काम पुसून नवं टाकायला मन होईना, म्हणून मी सावकाश कारण शोधत बसलो. बाकी यंत्रांची चौकशी अधूनमधून होत होती. एकाच यंत्राची मात्र अखंड, आणि त्याचीच उत्तरं साचत होती. तो असताना रोज वाचून पुसत असणार. ते यंत्र माझं होतं.

बाहेर कडुनिंबाखाली वाचायला जाताना मी माझा संगणक बंद करायचो, उगाच वीज कशाला जाळायची म्हणून. परतलो की तो हसून विचारायचा, "कुठं गेलतास बे?" मला ती माया वाटायची.

मी साहेबांना विचारलं. ते सहज म्हणाले, "त्यानंच सुचवलतं. तुमी उठलात की मला फोन यायचा. लई इमानदार माणूस!"

मी माझं यंत्र त्या चौकशीतून काढलं. संगणक सुरळीत चालू लागला.

हे सगळं कळण्याआधी, दहाव्याला सिंदफणेच्या काठी त्याच्या पिंडाला कावळा शिवत नव्हता. घरच्यांनी सगळी वचनं देऊन पाहिली. शेवटी मी पुढे होऊन म्हणालो, "तुझं राहिलेलं काम मी बघतो." तेव्हा कुठे कावळा शिवला होता.