स्वेटरातली कॅचर

थंडीत पोरींचा सॉफ्टबॉलचा सराव घ्यायचा म्हणजे डोक्याला ताप. सकाळी फोन करावा तर "आलो की मॅडम, निघालोच," म्हणतात. आवाज पांघरुणातनं येतोय, हे मला कळत नाही होय? आमच्या कोल्हापुरात पोरीसुद्धा 'आलो, गेलो'च म्हणतात, आणि 'आलो की' म्हणजे अजून उठायचंय! तरी येतात बिचाऱ्या. नाकं लाल, हात काखेत. गारठ्यात चेंडू तळव्यावर बसला की झिणझिण्या पार कोपरापर्यंत जातात.

शाळेच्या संघात मोजून नऊच पोरी होत्या. एक जरी गळाली तर स्पर्धेचं नाव नको. आणि नेमकी आमची कॅचर शिंकायला लागली. कॅचर म्हणजे बॅटिंग करणारीच्या मागं उकिडवी बसून चेंडू धरणारी. पोरगी लई गुणाची, मला ती हवीच होती. तिची आई उचगावहून तिला गाडीवरनं सोडायला यायची. एक दिवस गाडी बंद न करताच म्हणाली, "मॅडम, पोरगी परत शिंकली तर उद्यापास्नं पाठवणार न्हाय. बघा."

झालं! मी जाम धास्तावले. दुसऱ्या दिवशी पोरीला दोन स्वेटर, कानटोपी, वरनं माझी शाल गुंडाळली आणि त्यावर छातीचं गार्ड चढवलं. पट्टा पुरेना, मग ओढणीनं बांधलं. आईनं मान डोलावली, पण गेली नाही. गाडी स्टँडला लावून कॅचरच्या पाठीमागं चेंडू अडवायला असते त्या जाळीमागं उभी राहिली.

पोरींचा आपसांतच डाव लावला होता. एक तिसऱ्या बेसवर, एक दुसऱ्यावर. चेंडू आला, कॅचरला हातच वर नेता येईना. चेंडू जाळीला थडकला, तिसऱ्या बेसवरची रन काढायला होमकडं, म्हणजे कॅचरकडंच धावत सुटली, आणि आमची कॅचर उठता उठता उताणी! कुणाचं चुकलं की सगळ्यांनी मिळून 'असू दे, असू दे' ओरडायची आमच्यात पद्धत. मीही ओरडले.

"असू दे काय असू दे?" जाळीमागनं आई गरजली. "ती बया घरात शिराय लागल्या आणि असू दे? ऊठ की गं! काढ ते बोचकं अंगावरलं!"

रन तर गेलाच होता. पण पोरगी उठली. शाल गेली, कानटोपी गेली, एक स्वेटरही गेला. पुढचा चेंडू तिनं अस्सा धरला! आणि धरल्या धरल्या जोरात शिंकली.

आता संपलं सगळं, म्हणत मी हळूच जाळीकडं बघितलं. आई दुसऱ्या बेसकडं बघत होती.

"मॅडम," ती ओरडली, "ती पोरगी पुढं सरकाय लागल्या, तुमचं ध्यान कुठं हाय?"