ठमीचा आवाज उतरवला, त्याची गोष्ट

"या फेरीत आपल्याला न ओरडता बोलता आलं तर ठीक, नाहीतर ओझरच्या त्या गिऱ्हाइकाला गाडी देऊन टाका," असं माझ्या बायकोने, वसुधाने, निघायच्या आठवडाभर आधी निक्षून सांगितलं. गाडी म्हणजे आमची ठमी. वीस वर्षांची डिझेल व्हॅन. आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, सगळं मी हौसेने बसवलेलं. तीस वर्षं वाचनालयात लोकांना गप्प बसवलं आणि निवृत्त झाल्यावर घेतली ती ही बोंबाबोंब करणारी बया! हायवेला सत्तरचा वेग धरला की इंजिन मिनिटाला बत्तीसशे फेरे घ्यायचं आणि शेजारी वसुधाचे नुसते ओठ हलताना दिसायचे. सहा वर्षं ते हलले की मी मान डोलवायचो आणि पुढच्या टपरीवर चहाला थांबायचो. दुसरं काय हवं असणार?

ठमी विकायची कल्पनाच मला सहन होईना. अंबडला दत्तूभाऊंचं गॅरेज गाठलं. ते मूळचे निफाडचे, बोलणं रोखठोक.

"काका, हिच्या मागच्या आसातला दातेरी जोड वझं वाहायचा हाय," ते गाडीखालूनच म्हणाले. "क्राऊन-पिनियन बदलू. चाकं तेवढीच पळतील, इंजिन कमी फिरंल. पण चढाला दम लागंल, तवा खालचा गिअर टाकायचा. मंग मला नाय बोलायचं."

जुना पण शाबूत जोड, मजुरी धरून अठरा हजार आणि दोन दिवस. तुम्ही करणार असाल तर ध्यानात ठेवा, यानंतर आमचा वेगाचा काटा खोटं बोलायला लागला. तो साठ म्हणतो तेव्हा मोबाइलवर चौऱ्याहत्तर दिसतात.

मंगळवारी सकाळी सातला निघालो. घोटी, इगतपुरी, घाट उतरून कसारा आणि परत, असा बेत. विल्होळी मागे पडली, पाचवा गिअर टाकला आणि अहाहा! सत्तरला जेमतेम सव्वीसशे फेरे. मागे पातेल्यावरचं झाकण वाजतंय तेसुद्धा ऐकू आलं.

"अहो, तुम्ही गाता?" वसुधाने दचकून विचारलं.

"सहा वर्षं गातोय."

"बरं झालं, इंजिन होतं."

घोटीला मिसळ खाल्ली, दोघांची मिळून दोनशेच्या आत. रस्सा असा की कान गरम झाले. घाट उतरताना मी मनातल्या मनात पैज जिंकून टाकली होती. कसाऱ्याला चहा घेतला आणि गाडी वळवली.

वर चढताना दत्तूभाऊंचं म्हणणं खरं ठरलं. ठमी तिसऱ्या गिअरमध्ये कुथायला लागली. दुसरा टाकला तर ती जुन्यासारखी बोंबलणार, बोंबलली की गाडी हातची गेली. म्हणून मी हट्टाने तिसराच रेटला. गाडी थरथरली, मागचा ट्रकवाला हॉर्न देऊन कोकलायला लागला, इंजिनच्या तापमानाचा काटा वर सरकला.

"दुसरा टाका," वसुधा म्हणाली.

"अगं, पण आवाज..."

"होऊ दे आवाज! जीव घेताय का तिचा?"

टाकला. ठमीने आरोळी ठोकली आणि तरातरा चढली. काटाही हळूहळू खाली आला.

इगतपुरीला थांबलो. मी तोंड पाडून म्हटलं, "हरलो मी. करतो फोन त्या गिऱ्हाइकाला. पण दुसरा टाकायचा हे तुला कसं कळलं?"

"सहा वर्षं इंजिनाशिवाय दुसरं ऐकायला काय होतं? आणि सहा वर्षं मी एकच म्हणतेय, मला चालवायला द्या. तुम्ही मान डोलवता आणि चहा पाजता."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गावात आमची छोटी कार तीच चालवते, तरी ठमीच्या बाबतीत हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी किल्ली पुढे केली.

घरापर्यंत तिनेच आणली, माझ्यापेक्षा सफाईने. मी पातेल्याचं झाकण वाजू नये म्हणून ते धरून बसलो होतो. फेरे कमी झाल्याने डिझेल किती वाचलं ते अजून मोजायचंय. सहा वर्षांची मान डोलावणी मात्र मला चांगलीच बोचतेय. फाटकात शिरतो तोच ओझरच्या गिऱ्हाइकाचा फोन आला. वसुधाने इंजिन बंद केलं आणि माझ्या हातातून फोन घेतला.

"नाही हो दादा, गाडी नाही विकायची. आज कुठे मला चालवायला मिळालीय!"