दोन दांड्यांची गिटार

दोन दांड्यांची गिटार आमच्या घरात आली, त्याच्या पंधरा दिवस आधी तिचं चित्र आलं. शनिवार पेठेतल्या एका सायबर कॅफेत बसून आमच्या ह्यांनी ते शोधलं आणि कागदावर छापून आणलं. रंगीत छपाई तिथे बंद होती, म्हणून काळं-पांढरं. मी भाकऱ्या करत होते. ह्यांनी कागद ओट्यावर, पिठातच ठेवला.

"अशी करून घ्यायची," म्हणाले.

"ही गिटार आहे का इस्त्रीचं टेबल?" मी विचारलं.

हे हसले नाहीत. एरवी हसले असते.

हे कारखान्यात फिटर होते. नव्वदनंतर कारखान्याने माणसं कमी करायला घेतली, तेव्हा ह्यांनी स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर सही केली. त्यानंतर शर्टाला इस्त्री करून घराबाहेर पडायला ह्यांना एकच कारण उरलं, ते म्हणजे ऑर्केस्ट्रा. तिथे हे हवाईयन गिटार वाजवत. ती आडवी मांडीवर घेतात. उजव्या हाताच्या बोटांत पत्र्याच्या नख्या घालून तारा छेडायच्या आणि डाव्या हातातला स्टीलचा रॉड तारांवरून सरकवायचा. मी चौथीपर्यंत शिकले, गाण्यातलं शास्त्र मला येत नाही. पण तीस वर्षं एकाच खोलीत ऐकल्यावर बेसूर काय ते कळतं.

अडचण अशी की काही गाण्यांना तारा एका पद्धतीने लावाव्या लागतात आणि काहींना दुसऱ्या. मग मध्येच खुंट्या पिळत बसायचं. पूर्वी लोक थांबायचे, निवेदक विनोद सांगायचा. नंतर कीबोर्ड आला. एक बटण दाबलं की गिटार, दुसरं दाबलं की बासरी. एका साखरपुड्यात हे खुंट्या पिळत असताना कीबोर्डवाल्याने ह्यांच्याच गाण्याची सुरुवात गिटारच्या आवाजात वाजवून टाकली. लोकांनी टाळ्या दिल्या. ही गोष्ट मला ह्यांनी सांगितली नाही. ऑर्केस्ट्राच्या मालकांनी सांगितलं, आमच्याच घरी, आमचाच चहा पिताना.

मालक आले होते ते वेगळ्याच कामाला. खराडीला एका सॉफ्टवेअर कंपनीचा वार्षिक कार्यक्रम त्यांना मिळाला होता. जुनी गाणी हवी होती, पण निवेदन नको, सगळं मिनिटावर बांधलेलं. बराच वेळ हवापाण्याचं बोलून झाल्यावर त्यांनी कप खाली ठेवला.

"मास्तर, दोन गाण्यांत दहा सेकंद. तेवढ्यात जमत असेल तर या. नसेल तर आराम करा, कीबोर्ड आहेच."

हे "बघतो" म्हणाले. कार्यक्रमाला तीन आठवडे होते. ही परीक्षा आहे आणि नापास झाले तर पुन्हा बोलावणं येणार नाही, हे आम्हा तिघांनाही कळलं होतं. निवृत्त होऊन घरी बसलेले पुरुष मी आमच्या आळीत पाहिलेले होते. सकाळी पेपर दोनदा वाचतात आणि मग बायकोने भाजी कशी चिरावी ते सांगायला लागतात. मला तसला माणूस घरात नको होता.

आधी ह्यांनी दुसरी गिटार मागून आणली आणि शेजारी स्टुलावर ठेवली. एक उतरवायची, वायर काढायची, दुसरी चढवायची, वायर लावायची. मी घड्याळ धरून बसले. सगळ्यात चांगला हात लागला तेव्हा चाळीस सेकंद, आणि वायर काढताना स्पीकर असा ओरडला की खालच्या मजल्यावरून माणूस वर आला. तेव्हा कुठे हे सायबर कॅफेत गेले. एकाच फळीवर शेजारी शेजारी दोन दांड्या, दोन्हींना आपापल्या तारा. एक दांडी एका पद्धतीने लावून ठेवायची, दुसरी दुसऱ्या. खटका दाबून आवाज दुसऱ्या दांडीवर घ्यायचा आणि हात पलीकडे न्यायचा. परदेशात असली वाद्यं असतात हे ह्यांना ऐकून माहीत होतं. प्रत्यक्ष आमच्यापैकी कोणी पाहिलेलं नव्हतं.

कसबा पेठेत पेट्या बनवणारे एक मिस्त्री होते, ह्यांच्या ओळखीचे. हार्मोनियमच्या पेट्या, देव्हारे, असं बारीक काम. त्यांनी कागद भिंतीला चिकटवला आणि सागवानाची फळी काढली. दांडीखाली तारांचा आवाज उचलणारा पिकअप असतो, तो मात्र मी करायचा ठरलं. कारण पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली तांब्याची तार, आणि तार गुंडाळणं हेच मी बारा वर्षं केलं होतं. एका शेडमध्ये आम्ही पंधरा बायका स्टॅबिलायझरच्या कॉइल भरायचो. शेड बंद झाली तेव्हा हाताने फिरवायचं एक मशीन मी मागून घेतलं.

ही तार केसाहून बारीक. पंखा बंद, खिडकी बंद, मी मशीन फिरवतेय आणि हे दारात उभे. मी त्यांना तिथून घालवलं. माझ्या कामावर कोणी नजर ठेवलेली मला खपत नाही. ह्यांच्या जुन्या पिकअपला मीटर लावून आकडा बघून ठेवला होता, तेवढाच आकडा येईपर्यंत गुंडाळायचं. पहिल्या कॉइलची तार दोनदा तुटली. दुसरी एका दमात झाली.

कार्यक्रमाला चार दिवस राहिले तेव्हा गिटार घरी आली. चार पायांवर उभी, पॉलिश असं की तोंड दिसावं. दोन दांड्यांच्या मधोमध मिस्त्रींनी चित्रात होता तसा काळा पट्टाही रंगवला होता. ह्यांनी अलीकडची दांडी वाजवली. आवाज भरदार आला, जुन्या गिटारपेक्षा चांगला. मग खटका दाबला आणि पलीकडची वाजवली. दोन ओळी वाजवून थांबले. पुन्हा तेच वाजवलं. "सवय होईल," म्हणाले.

दोन दिवस सवय होत राहिली. पलीकडे हात नेला की मनगट अलीकडच्या तारांना अडायचं. मनगट उचललं की रॉड वाकडा पडायचा, आणि रॉड वाकडा पडला की सूर वाकडा. सकाळपासून एकच ओळ. ह्यांचं जेवण अर्ध्यावर यायला लागलं. मी काही बोलत नव्हते ते चांगुलपणाने नव्हे. स्वतःहून म्हणतात का, ते बघत होते. म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मीच म्हटलं, "अहो, बेसूर आहे."

"कळतंय मला."

"मग सवय कसली करताय? बेसूर वाजवायची?"

ह्यांनी नख्या काढून डबीत ठेवल्या आणि खिडकीकडे तोंड करून बसले. मालकांना फोन करून जमणार नाही म्हणून कळवतो, असं म्हणाले. मी फोन उचलून माझ्या बाजूला ठेवला आणि खालच्या मुलीला सांगून मिस्त्रींना बोलावणं धाडलं.

मिस्त्री आले ते पाणसळ घेऊनच. दोन्ही दांड्यांवर आडवी ठेवून दाखवली, बुडबुडा अगदी मधोमध. ह्यावर पाणी सांडलं तरी ओघळायचं नाही, असं म्हणाले. इतकं सपाट काम पुण्यात दुसरा कोणी करून दाखवील का, असंही विचारलं. त्यांचं खोटं नव्हतं. मी चित्राचा कागद मागितला. मिस्त्रींनी तो खिशातून काढला, चार घड्या पडलेला.

मी तो खिडकीत धरला. मधला काळा पट्टा एका टोकाला रुंद होता आणि दुसऱ्या टोकाला निमुळता. गिटारवर मात्र तो सगळीकडे सारखा होता.

"मिस्त्री, हा पट्टा तुम्ही सरळ का केलात?"

"चित्रात वाकडा छापलाय, वहिनी. तिरका पट्टा कोण रंगवील?"

"कोणीच नाही रंगवणार," मी म्हटलं. "हा रंग नाहीये. ही पायरी आहे. पलीकडची दांडी उंच आहे, आणि तिची उभी कड सावलीत काळी आली आहे."

कागद तिघांच्या हातांतून फिरला. हे उठून उभे राहिले आणि पलीकडच्या दांडीच्या वर हवेतच हात धरून बघितला. दीड इंच वर. मनगट मोकळं राहत होतं. आम्ही सगळ्यांनी सावली पाहिली होती आणि एका कारागिराने ती पॉलिशसकट रंगवून दिली होती.

हसण्यासारखं होतं, पण परवा कार्यक्रम होता. नवी करायला वेळ नव्हता. मी म्हटलं, मधून कापा, खाली नवी फळी घाला आणि पलीकडचा भाग ठोकळ्यावर चढवा. मिस्त्री म्हणाले, स्वतः केलेली वस्तू मी कापत नाही. मी म्हटलं, मग करवत मला द्या, पंधरा मिनिटांचं काम आहे. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांचं पोरच मागितलंय. पण दुसऱ्या दिवशी सकाळी गिटार घेऊन या म्हणाले.

दोन्ही कॉइलच्या तारा फळीच्या आतल्या खाचेतून खटक्याकडे जात होत्या आणि वरून लाकूड चिकटवून खाच बुजवली होती. नेमकी कुठे ते मला ठाऊक होतं, कारण तारा मीच ओवल्या होत्या. मी पेन्सिलने खूण केली. इथपर्यंत करवत, पुढचं पटाशीने. वाजवायच्या तारा आधीच काढून घेतलेल्या होत्या. एक भाग मी धरायचा, दुसरा ह्यांनी. मध्ये सोडला तर वजनाने फळी फाटेल आणि खाच उकलेल.

करवत काळ्या पट्ट्यात शिरली तेव्हा हे भिंतीकडे बघायला लागले. "इकडे बघा," मी म्हटलं, "हात हलतोय तुमचा." मग बघितलं. भुसा पॉलिशवर पडत होता आणि मिस्त्री करवतीच्या दर दोन हातांमागे तो फुंकत होते. खुणेपाशी करवत थांबली. पटाशीचे पाच-सहा घाव बसले. सातव्याला फळीने कट्ट असा आवाज केला आणि दोन तुकडे आमच्या हातांत वेगळे झाले.

मी मीटर लावला. अलीकडची कॉइल जिवंत. पलीकडच्या कॉइलला काटा हलला नाही.

ह्यांचा चेहरा मी पाहिला नाही, पाहून उपयोग नव्हता. तार कॉइलच्या आत तुटली असेल तर सगळी पुन्हा गुंडाळायची, आणि तेवढी बारीक तार आता माझ्याकडे उरली नव्हती. कामाच्या टेबलावर दिवा ओढून घेतला, कॉइलवरची पट्टी सोडवली आणि सुईच्या टोकाने बाहेरचं टोक शोधलं. बाहेरच्याच फेऱ्यात तुटली होती. तीन फेरे उलटे सोडले, टोक खरवडलं, सोल्डरचा डाग दिला. काटा सरकला. मिस्त्रींनी तेवढ्यात ठोकळा रंधून ठेवला होता. पायरीच्या उभ्या कडेला पॉलिश लावू का, असं त्यांनी विचारलं. हे म्हणाले, राहू द्या.

खराडीला मी गेले ती डागासाठी. घाईचा डाग कधीही सुटतो. पिशवीत सोल्डरिंगची इस्त्री घेऊन मी स्टेजच्या कडेला, वायरींच्या गुंत्यात उभी राहिले. गळ्यात कार्ड घातलेली एक मुलगी सारखी येऊन सांगत होती, "काकू, प्लीज, इथे अलाउड नाहीये." मी तिला म्हटलं, तू तुझं काम कर, मी माझं करतेय. समोर तीन-चारशे तरुण पोरं, बहुतेकांचं लक्ष जेवणाच्या वासाकडे.

पहिलं गाणं अलीकडच्या दांडीवर झालं. मालक बाजूला घड्याळाकडे बघत होते. कीबोर्डवाल्याचं बोट बटणावर तयार. ह्यांनी रॉड पलीकडे नेला, मनगट मोकळं, बसणं नीट, आणि तार छेडली. आवाज आला नाही.

मला वाटलं डाग सुटला. हे पुन्हा छेडतात, पुन्हा काही नाही. कीबोर्ड सुरू झाला. ह्यांच्याच गाण्याची सुरुवात, गिटारच्या आवाजात. मी पिशवीत हात घातला, आणि मग मला दिसलं की खटका अलीकडेच आहे. चाळीस वर्षं एका दांडीवर वाजवलेला माणूस खटका विसरला होता. मी ओरडले असते तर सगळ्या सभागृहाने ऐकलं असतं.

"खटका," मी म्हटलं. मोठ्याने नाही, घरी मीठ मागते तितक्याच आवाजात.

ऐकू गेलं की त्यांचं त्यांनाच दिसलं, मला माहीत नाही. करंगळीने खटका दाबला. दुसऱ्या ओळीला आवाज आला. अर्धी ओळ दोघंही वाजवत होते, आणि त्या अर्ध्या ओळीत कोणालाही कळलं असतं, मालकांनाही, की एक तार आहे आणि एक बटण. मालकांनी कीबोर्डवाल्याला हाताने खाली कर अशी खूण केली. तो थांबला. पुढची सात गाणी हे मधे न थांबता इकडून तिकडे गेले. एकदाही पाच सेकंदांवर वेळ लागला नाही, मी मोजत होते.

सामान टेम्पोत चढवताना मालक आले. पुढच्या महिन्यात दोन लग्नं आहेत, दोन्हीकडे हेच वाद्य घेऊन या, असं कीबोर्डवाल्यादेखत म्हणाले. मग पायरीवरून बोट फिरवत त्यांनी विचारलं, ही एवढी कड बिनपॉलिशची का ठेवलीत? हे म्हणाले, घाई होती.

टेम्पो चालू झाल्यावर ह्यांनी मला विचारलं, "कसं झालं?"

"पाचव्या गाण्यात एक जागा वर गेली."

"गेली," हे म्हणाले. "त्या पोरांना कळली नाही."

"मला कळली. आणि उद्या तो डाग मी पुन्हा देणार आहे, तेव्हा सकाळी वाजवायला बसू नका."

हे बरं म्हणाले आणि घर येईपर्यंत गिटार हलू नये म्हणून एक हात तिच्यावर ठेवून बसले.